टीएफएफला कॅसेट घ्यायची का होलो फायबर, दोन्ही वापरून लिहितेय

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवीन जॉइन झालेल्या मुलीनं विचारलं, मॅडम कोटेशन कॅसेटचं मागवू का होलो फायबरचं? हे दोन्ही टीएफएफचे, म्हणजे टँजेन्शियल फ्लो फिल्ट्रेशनचे, फिल्टर. मी पटकन उत्तर द्यायला गेले आणि लक्षात आलं की हे एका वाक्यात सांगण्यासारखं नाहीच, मग तिला समोर बसवून दीड तास बोलले. तेच इथे लिहून ठेवतेय कारण मराठीत यावर कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही आणि आपली किती पोरं पोरी या कामात आहेत. मी पुण्यात डाउनस्ट्रीममध्ये, म्हणजे पेशींनी बनवलेला माल शुद्ध करायच्या कामात आहे, बारा वर्षं झाली, पहिली आठ वर्षं अँटिबॉडी आणि नंतर व्हीएलपी म्हणजे विषाणूसारखा दिसणारा पण आत जनुकं नसलेला कण, तो लसीत वापरतात. म्हणजे दोन्ही फॉरमॅट रोजच्या कामात वापरलेत, नुसती माहितीपत्रकं वाचून लिहीत नाहीये.

या क्षेत्रातले नसाल तर थोडक्यात सांगते. चहा गाळताना चहा गाळणीवर सरळ वरून पडतो, पावडर साठत जाते आणि गाळणी तुंबते. टीएफएफमध्ये द्रव मेम्ब्रेनच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्याच्या, अंगाला घासून आडवा वाहतो, त्यातलं पाणी, मीठ, छोटे रेणू दाबानं पलीकडे जातात, त्याला परमिएट म्हणतात, आणि मोठा रेणू आपल्याकडे फिरत राहतो, तो रिटेंटेट. आडवा प्रवाह मेम्ब्रेनवर बसू पाहणारा थर सतत धुवून नेतो. असं करून प्रोटीन घट्ट करायचं आणि त्याचा बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, बदलायचा, अँटिबॉडीच्या प्रोसेसमध्ये ही जवळजवळ शेवटची पायरी असते. म्हणजे इथे माल सांडला तर तोपर्यंतची सगळी मेहनत सांडते, म्हणून मला या विषयाचं एवढं वाटतं.

आता कॅसेट. मिलिपोरची पेलिकॉन, सार्टोरियसची सार्टोकॉन, पॉलच्या कॅसेट, सगळ्यांचं तत्त्व एकच. चपट्या मेम्ब्रेनचे पापुद्रे एकावर एक, मध्ये जाळी, आणि सगळं स्टीलच्या होल्डरमध्ये आवळून बसवायचं. जादू त्या जाळीत आहे. द्रव जाळीला आपटत जातो, ढवळला जातो, त्यामुळे मेम्ब्रेनलगतचा प्रोटीनचा घट्ट थर पातळ राहतो आणि कमी क्रॉसफ्लोमध्येसुद्धा, म्हणजे आडवा प्रवाह कमी असला तरी, फ्लक्स (तासाला चौरस मीटरमागे मिळणारं परमिएट) चांगला मिळतो. आम्ही साधारण दर चौरस मीटरला मिनिटाला ५ लिटर फीड (आत सोडायचा द्रव) ठेवतो. अँटिबॉडीला ३० किंवा ५० केडीएचं (किलोडाल्टन, रेणूच्या वजनाचं माप) मेम्ब्रेन, कारण आयजीजी म्हणजे नेहमीची अँटिबॉडी १५० केडीएच्या आसपास असतं आणि छिद्राचा आकडा रेणूच्या तिसऱ्या ते पाचव्या भागाइतका घ्यायचा हा जुना हिशोब अजून चालतो. ३० घेतलं की झोप चांगली लागते, ५० घेतलं की वेळ वाचतो पण परमिएटमध्ये प्रोटीन येतंय का ते दर वेळी तपासा.

स्केलअपमध्ये कॅसेटला तोड नाही. पेलिकॉन ३ ची सगळ्यात छोटी कॅसेट ८८ चौरस सेंटिमीटरची आहे आणि मोठी १.१४ चौरस मीटरची, म्हणजे जवळपास १३० पट, पण आतला प्रवाहाचा मार्ग तसाच ठेवलेला. टेबलावर मिनिटाला ४४ मिली पंप करून जे दिसलं तेच मोठ्या स्किडवर (पंप, पाइप, होल्डर एकत्र बसवलेलं यंत्र) दिसतं, आमच्याकडे अँटिबॉडीच्या बाबतीत हे प्रत्येक वेळी खरं ठरलंय. अँटिबॉडीसाठी माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार.

अर्धा स्टार का कापला ते सांगते. एक तर होल्डर. कॅसेट होल्डरमध्ये बसवणं हे हाताचं काम आहे, गॅस्केट सरळ बसली पाहिजे, टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच आवळायचं, दोन्ही बाजूंचे नट आलटून पालटून. आमच्या टीममध्ये एकदा घाईत एका बाजूचा नट आधी पूर्ण आवळला गेला, इंटिग्रिटी टेस्ट (कुठे फाटलं किंवा गळतंय का ते बघायची) पाण्यात पास झाली आणि रनमध्ये दाब वाढल्यावर कडेनं थेंब थेंब गळायला लागलं, शिफ्ट बदलायच्या वेळेला कुणाच्या लक्षात आलं नाही. ट्रेमध्ये जमा झालेलं ते प्रोटीन परत घेता येत नाही. त्या दिवसापासून नियम केलाय की टेस्टच्या आधी फीड आणि रिटेंटेट दोन्हीकडे रनमधला जास्तीत जास्त दाब देऊन दहा मिनिटं कोरड्या टिश्यूनं चारही कडा पुसून बघायच्या.

दुसरं, जाळीची निवड. हे कोटेशनमध्ये एका अक्षरात लिहिलेलं असतं आणि लोक तेवढंच वाचून पुढे जातात. मिलिपोरमध्ये ए म्हणजे बारीक जाळी, सी म्हणजे जाड, आणि दाट द्रवासाठी आणखी मोकळी, पेलिकॉन २ मध्ये व्ही आणि पेलिकॉन ३ मध्ये डी. बारीक जाळीत फ्लक्स छान, पण प्रोटीन दाट झालं की द्रव मधासारखा होतो आणि फीडचा दाब चढत जातो. आमची पहिली त्वचेखाली द्यायची अँटिबॉडी होती, लिटरला १५० ग्रॅमपर्यंत न्यायची होती, ए स्क्रीननं सुरू केलं. ११० च्या आसपास फीडचा दाब अलार्मला जाऊन टेकला, क्रॉसफ्लो कमी करत करत रांगत होतो आणि तरी पुढे जाईना. मेम्ब्रेन तेच ठेवून फक्त जाळी जाड घेतली आणि १६० पर्यंत गेलो. फ्लक्स सुरुवातीला कमी वाटला पण एकूण वेळ कमीच लागला. म्हणून मी आता पहिल्याच मीटिंगमध्ये विचारते, शेवटचा आकडा किती, आणि त्या आकड्याला तुमच्या बफरमध्ये व्हिस्कॉसिटी म्हणजे दाटपणा किती. हा आकडा न विचारता कुणी कॅसेट सुचवत असेल तर थांबा.

जाता जाता, दाट करताना अजून एक गोष्ट होते जी कुठल्याही फॉरमॅटमध्ये होणारच. प्रोटीनवर चार्ज असतो आणि ते जागा पण व्यापतं, त्यामुळे डायाफिल्ट्रेशनच्या, म्हणजे बफर बदलायच्या पायरीच्या, बफरमध्ये जेवढं हिस्टिडिन (बफरमधलं अमिनो आम्ल) आहे तेवढंच रिटेंटेटमध्ये नसतं आणि पीएच थोडा सरकतो. मेम्ब्रेनला दोष देऊन बॅच परत करू नका, बफरचा आकडाच आधी दुरुस्त करून ठेवावा लागतो. आणि पॉलिसॉर्बेट (प्रोटीन टिकवायला घालतात ते साबणासारखं द्रव्य) डायाफिल्ट्रेशन बफरमध्ये घालू नका, त्याचे मिसेल म्हणजे रेणूंचे गोळे होतात, ते गोळे मेम्ब्रेनमागे अडकून साठत जातात, म्हणून पॉलिसॉर्बेट सगळं झाल्यावर शेवटी घालायचं.

आता होलो फायबर. नळीच्या आत शेवयांसारख्या पोकळ तंतूंचा जुडगा, द्रव तंतूच्या आतून जातो आणि परमिएट भिंतीतून बाहेर येतं. मध्ये जाळी नाही, होल्डर नाही, टॉर्क नाही. सायटिवा आणि रेप्लिजन ही नावं इथे जास्त ऐकू येतील, रेप्लिजननं २०१७ मध्ये स्पेक्ट्रम घेतली तेव्हापासून तंतूंचा मोठा पसारा त्यांच्याकडे आहे. पाइप जोडला, क्लॅम्प लावला, धुतलं, सुरू. गॅमानं निर्जंतुक करून आलेलं वापरून टाकून द्यायचं असेल तर साफसफाई नीट होते हे सिद्ध करायची व्हॅलिडेशनच नाही, आणि वेगवेगळी प्रॉडक्ट करणाऱ्या छोट्या जागेला हे किती मोठं सुख आहे ते तिथे काम केलेल्याला कळतं.

होलो फायबर का घेतला तर व्हीएलपीसाठी. आमचा कण ४० ते ५० नॅनोमीटरचा, बरोबर होस्टचं, म्हणजे ज्या पेशीत तो बनवला तिचं, प्रोटीन आणि थोडा कचरा. पहिल्यांदा सवयीनं कॅसेट लावली, कारण होल्डर होता, माणसं शिकलेली होती. फ्लक्स अर्ध्या तासात पडला, आणि धुतल्यावर पाण्याचा फ्लक्स पूर्वीसारखा येईना, जाळीच्या कोपऱ्यात काहीतरी अडकून बसत होतं. कणाची रिकव्हरी पण मनासारखी नव्हती. मग ५०० केडीएचे तंतू घेतले. मोकळी सरळ नळी असल्यानं अडकायला जागा नाही, गढूळ फीडसुद्धा पचवतात, आणि मोठ्या छिद्रांमुळे होस्टचं प्रोटीन पलीकडे निघून गेलं म्हणजे दाट करता करता थोडं शुद्धीकरणही झालं. लेंटीव्हायरससारखा साधारण १०० नॅनोमीटरचा आवरण असलेला नाजूक कण, पेशी गोळा करणं, परफ्यूजन (पेशी आत ठेवून त्यांचं खाद्य सतत बदलत राहणं), अशा कामांना माझी पहिली पसंती होलो फायबरलाच. व्हीएलपीसाठी पाचपैकी चार.

पण इथे एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे, कारण विक्रेते आणि अनुभवी लोकसुद्धा सरसकट म्हणतात की होलो फायबर मऊ आणि कॅसेट कडक, म्हणजे तंतूत मालाला इजा कमी आणि कॅसेटमध्ये जास्त. कागद घेऊन हिशोब करा. तंतूच्या भिंतीवरचा शिअर (द्रवाचे थर एकमेकांवर किती वेगानं घसरतात तो दर) म्हणजे प्रवाहाला चारनं गुणा आणि पायला त्रिज्येच्या घनानं गुणून आलेल्या आकड्यानं भागा. सेकंदाला ४००० एवढा शिअर हवा असेल तर १ मिलीमीटर आतल्या व्यासाच्या एका तंतूला मिनिटाला जवळपास २४ मिली लागतात, आणि अर्ध्या मिलीमीटरच्या तंतूला जेमतेम ३. घन असल्यानं व्यास अर्धा केला की प्रवाह थेट आठवा भाग. तंतू ६० सेंटिमीटर लांब धरला तर १ मिलीमीटरवाल्याला एका चौरस मीटरमध्ये साधारण ५३० तंतू, म्हणजे मिनिटाला साडेबारा लिटर पंप करायचं. अर्ध्या मिलीमीटरला ३ लिटरच्या थोडं वर. कॅसेटला ५.

आता याच्यासमोर फ्लक्स ठेवा. कॅसेटमध्ये तासाला चौरस मीटरमागे ३० लिटर परमिएट मिळत असेल तर एक लिटर परमिएट काढायला १० लिटर पंपातून फिरतं. १ मिलीमीटरच्या तंतूत फ्लक्स २० धरला तर एका लिटरमागे ३७ लिटर फिरतं! म्हणजे तुमचा नाजूक कण मऊ नळीतून जातोय खरा पण पंपातून जवळपास पावणेचारपट वेळा जातोय. आणि प्रोटीनचं जे नुकसान होतं ते बहुतेक वेळा मेम्ब्रेनजवळच्या शिअरमुळे नाही, पंपात आणि हवेच्या बुडबुड्यांवर होतं. रिटेंटेटची परत येणारी नळी द्रवाच्या पातळीच्या खाली सोडा, वरून धार पडू देऊ नका, टँकमध्ये पाणी कमी झालं की भोवरा होऊन हवा ओढली जाते तिकडे लक्ष ठेवा. आम्ही टर्बिडिटी म्हणजे गढूळपणा वाढतोय म्हणून मेम्ब्रेन बदलत बसलो होतो आणि शेवटी सापडली ती वर लटकणारी नळी. ही एक सवय बदलली तर अर्ध्या लोकांना फॉरमॅट बदलायची गरजच पडणार नाही असं माझं मत आहे.

म्हणून होलो फायबर घ्या म्हटलं की मी लगेच विचारते, व्यास किती. फीड स्वच्छ असेल तर अर्धा मिलीमीटर, पेशी किंवा गाळ असेल तर १ मिलीमीटर आणि मग पंप मोठा लागणार हे धरूनच बजेट करायचं. आमच्या इथे तंतूचे पैसे मंजूर झाले आणि पंपाचे राहिले, तीन महिने मॉड्यूल बॉक्समध्ये पडून होतं.

आणि दाट करण्याची मर्यादा. जाळी नसल्यानं ढवळणं नाही, त्यामुळे प्रोटीन दाट झालं की फ्लक्स कॅसेटपेक्षा आधी बसतो. लिटरला १५० ग्रॅमची अँटिबॉडी तंतूतून काढायचा प्रयत्न मी करून बघितलाय, होत नाही असं नाही, पण दिवस जातो. त्या कामासाठी होलो फायबरला दोनच स्टार देईन.

शेवटी मशीनमध्ये किती माल अडकतो याबद्दल दोन्हीकडचे लोक भांडतात. तंतूचं गणित सोपं आहे, एका चौरस मीटरला १ मिलीमीटर व्यासात २५० मिली आत राहतात आणि अर्ध्या मिलीमीटरमध्ये १२५. पण खरं सांगते, आमच्या स्किडवर मेम्ब्रेनपेक्षा जास्त माल पाइपमध्ये, प्रेशर गेजच्या टी मध्ये आणि पंपाच्या डोक्यात अडकलेला निघाला. दोन फूट नळी कापली आणि रिकव्हरी वाढली. बफरनं ढकलून तो माल काढता येतो पण त्यात थोडं पातळ होतं, म्हणून हवं त्यापेक्षा थोडं जास्त दाट करून मग फ्लश घ्यायचा, आणि ते जास्तीचं दाट तुमच्या जाळीला झेपतंय का हे परत तिथेच येऊन थांबतं.

मेम्ब्रेनच्या पदार्थाबद्दल थोडंसंच. पीईएस (पॉलिइथरसल्फोन, एक प्लास्टिक) साफसफाईच्या कडक कॉस्टिक सोड्याला चांगलं टिकतं पण प्रोटीन त्याला जरा चिकटतं, रिजनरेटेड सेल्युलोजला कमी चिकटतं पण साफ करताना सोड्याची तीव्रता आणि तापमान मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. सार्टोरियसचं हायड्रोसार्ट हे स्थिर केलेलं सेल्युलोज, सोड्याला जास्त सहनशील, मला अँटिबॉडीला आवडलं. कॅसेट पुन्हा पुन्हा वापरणार असाल तर नवीन असतानाच पाण्याची परमिएबिलिटी मोजून वहीत लिहा, नाहीतर वीस रननंतर साफ झालीये का नाही हे कशाशी ताडून बघणार?

पैशाचं म्हणाल तर कॅसेट एकदा महाग आणि मग रनमागे स्वस्त, तंतू एकेक घ्यायला परवडतात पण दर बॅचला नवीन. त्यापेक्षा मोठी डोकेदुखी डिलिव्हरीची. एका पुरवठादारानं आठ आठवडे सांगून पंधरा आठवडे लावले आणि आल्यावर गॅस्केट दुसऱ्याच साइजची, फोनवर रोज नवीन माणूस. दुसऱ्या एकाच्या अ‍ॅप्लिकेशन इंजिनियर ताई मात्र स्वतः लॅबमध्ये येऊन दोन दिवस आमच्याबरोबर ट्रायल करून गेल्या, दाब वाढवत वाढवत फ्लक्सचा ग्राफ काढला, जिथे रेघ आडवी व्हायला लागते त्याच्या जरा अलीकडचा टीएमपी (मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक) आम्हाला पकडून दिला, आणि त्यांच्याच कंपनीची महाग कॅसेट तुम्हाला नको असंही सांगितलं. अशी माणसं मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यायला मी तयार असते. ट्रायलला डेमो मॉड्यूल मागा, बहुतेक जण देतात, आणि स्वतःच्या फीडवरच करा, बीएसएवर (गाईचं अल्ब्युमिन, चाचणीचं नेहमीचं प्रोटीन) केलेला ग्राफ तुमच्या काही कामाचा नाही.

प्लास्मिडचं (गोलाकार डीएनए) विचारणारे बरेच असतात, झायकोव्ह-डी या प्लास्मिडच्या कोविड लसीला २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यापासून जास्तच. प्लास्मिड लांब आणि वेटोळं असतं, जोरात फिरवलं की सुपरकॉइल म्हणजे घट्ट पीळ असलेल्या प्लास्मिडचा टक्का कमी व्हायची भीती असते. मी त्यात फार काम केलेलं नाही, एकाच प्रोजेक्टमध्ये हात लावला, तिथे १०० केडीएची कॅसेट मोकळ्या जाळीची, क्रॉसफ्लो कमी ठेवून व्यवस्थित चालली. दर तासाला जेल चालवून प्लास्मिड शाबूत आहे का ते बघत होतो. लायसेट म्हणजे फोडलेल्या जिवाणूंचा रस मात्र आधी नीट गाळून घ्या, नाहीतर जाळी भरते.

त्या नवीन मुलीनं शेवटी काय मागवलं तर दोन कोटेशन. अँटिबॉडीसाठी जाड जाळीची ३० केडीए कॅसेट आणि व्हीएलपीसाठी अर्ध्या मिलीमीटरचे ५०० केडीएचे तंतू, आणि तंतूच्या कोटेशनखाली तिनं स्वतःहून एक ओळ वाढवली, मिनिटाला ३.१ लिटर देणारा पंप आपल्याकडे आहे का ते आधी स्टोअरमध्ये विचारते. आहे, मी बघून आले.